सॉस कशाचा करता? : मुंबईतील चांगल्या पिझ्झाचा शोध

दोन वर्षांपूर्वी आमच्या नातवाचा दहावा वाढदिवस आला, तेव्हा त्याने एकच मागणी केली. घरातील सर्वांनी मिळून बाहेर पिझ्झा खायचा, आणि ‘सर्वांनी’ म्हणजे मोठ्या आईनेसुद्धा. मोठी आई म्हणजे माझी आई. तेव्हा तिचे वय शहाऐंशी होते. कांदा, लसूण, बटाटा तिने जन्मात कधी खाल्ला नाही. सूर्यास्तानंतर ती अन्नाला स्पर्श करीत नाही, आणि गेल्या पंधरा वर्षांत तिने बाहेरचे काही खाल्ल्याचे मला आठवत नाही. परंतु पणतवाचा शब्द तिला मोडवेना. ‘जैन मिळत असेल तर येते,’ एवढेच ती म्हणाली.

उपनगरातील एका नावाजलेल्या उपाहारगृहात आम्ही दुपारी पाच वाजता पोहोचलो. तेथील मेनूकार्डावर ‘जैन पर्याय उपलब्ध’ असे ठळक छापलेले होते. मी वेटरला विचारले, ‘जैन पिझ्झा मिळेल ना?’ तो म्हणाला, ‘मिळेल ना साहेब, होऊन जाईल.’ पिझ्झा आला. आईने पहिला घास घेतला, क्षणभर थांबली आणि हातातला तुकडा शांतपणे ताटलीत ठेवला. ‘अरे, यात लसूण आहे बघ,’ ती हळूच म्हणाली. मी व्यवस्थापकाला बोलावले. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की, पिझ्झावर कांदा-लसूण घातलेला नाही. मात्र सॉस सकाळी एकाच मोठ्या पातेल्यात होतो आणि तोच सर्वांना वापरला जातो. त्याच्या लेखी ‘जैन’ म्हणजे वरून कांदा न घालणे एवढेच होते.

आईने कोणालाही दोष दिला नाही. दुसऱ्या दिवशी तिने प्रायश्चित्त म्हणून एकाशन केले. पण नातू दोन दिवस गप्प होता. ‘माझ्यामुळे मोठ्या आईचा नियम मोडला,’ असे तो आपल्या आजीजवळ म्हणाल्याचे मला नंतर कळले. ते शब्द मला लागले. चूक त्याची नव्हती, आईची नव्हती, आणि खरे सांगायचे तर त्या व्यवस्थापकाचीही पूर्णपणे नव्हती. चूक माझी होती. मी चुकीचा प्रश्न विचारला होता.

माझी छत्तीस वर्षे बँकेत गेली. त्यांतील बरीच काळबादेवी-भुलेश्वर भागातील शाखांत, कापड आणि धातूबाजारातील व्यापाऱ्यांच्या सहवासात गेली. शाखेच्या तपासणीला जाणारा अधिकारी रोखपालाला ‘तुमची रोकड बरोबर आहे ना?’ असे कधीही विचारीत नाही, कारण त्या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच असते. तो म्हणतो, ‘रोकड दाखवा, मोजू या.’ मीसुद्धा आयुष्यभर हेच करीत आलो, आणि आईच्या ताटाची वेळ आली तेव्हा मात्र ‘मिळेल ना?’ असे विचारून मोकळा झालो. त्यानंतरच्या काही महिन्यांत मी मुंबईतील पिझ्झाची एक छोटीशी तपासणीच हाती घेतली. तीतून जे हाती आले, ते आपल्यासारख्या कुटुंबांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

मूळ पिझ्झा किती साधा!

आरंभ मुळापासून करू. पिझ्झाचे माहेर इटलीतील नापोली हे बंदराचे शहर. टोमॅटो हे फळ सोळाव्या शतकात अमेरिका खंडातून युरोपात आले. पुढे नापोलीतील कष्टकऱ्यांनी सपाट पावावर ते घालून खाण्यास आरंभ केला. म्हणजे आज महागड्या उपाहारगृहांत मिरवणारा हा पदार्थ जन्माने गरिबांचा आहे, आपल्याकडील मजुराच्या चटणी-भाकरीसारखा. १८८९ मध्ये राफाएले एस्पोसितो या पिझ्झा बनवणाऱ्याने राणी मार्गेरिता हिच्यासाठी टोमॅटो, पांढरे मोझरेला चीज आणि हिरवी तुळस घालून इटलीच्या ध्वजाच्या तीन रंगांचा पिझ्झा केला व त्याला राणीचे नाव दिले, अशी कथा सांगतात. ही तुळस आपल्या अंगणातील नव्हे. तिला बेसिल म्हणतात, पण कुळ एकच. त्या कथेच्या तपशिलांविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. मार्गेरिता पिझ्झा मात्र जगभर पोहोचला.

नापोलीत १८७० पासून चालत आलेले ‘दा मिकेले’ नावाचे एक प्रसिद्ध पिझ्झाचे दुकान आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्याची ओळख दोनच प्रकारांवर टिकून राहिली: मार्गेरिता आणि मारिनारा. मारिनारात टोमॅटो, ओरेगानो आणि लसूण असतो, चीज नसते. मार्गेरितात टोमॅटो, मोझरेला, तुळस आणि ऑलिव्ह तेल असते. पुन्हा एकदा वाचून पाहा: मार्गेरितात कांदा नाही, लसूण नाही, कोणताही कंद नाही. ज्या पदार्थासाठी आपण ‘जैन करून द्याल का?’ अशी विनंती करीत फिरतो, त्याचा सर्वांत प्रतिष्ठित प्रकार मुळातच आपल्या ताटाच्या इतका जवळ आहे. कांदा-लसणाचा मारा बहुधा सॉसची चव झाकण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी होतो.

नापोलीतील कारागिरांनी १९८४ मध्ये अस्सल पिझ्झाचे नियम जपण्यासाठी एक संघटना स्थापन केली. मैदा, पाणी, मीठ आणि खमीर यांची कणीक, हाताने पसरलेली पोळी आणि लाकडावर तापलेली भट्टी हे त्यांच्या परंपरेचे सार. भट्टीची उष्णता सुमारे साडेचारशे अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत भाजून निघतो. या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

यावरून माझा पहिला नियम तयार झाला. कोणत्याही नव्या ठिकाणी प्रथम साधा मार्गेरिता मागवावा. त्यावर लपवायला काही नसते. कणीक कच्ची असेल, सॉस आंबट असेल, चीज हलके असेल, तर मार्गेरिता ते लगेच सांगून टाकतो. दहा भाज्या आणि तीन सॉस घातलेला पिझ्झा म्हणजे पुष्कळ नोंदी असलेली खातेवही. चूक कोठे आहे, हे तीत सहज सापडत नाही.

‘जैन’ या शब्दाची हमी कोण देतो?

पॅकबंद अन्नावरील हिरव्या ठिपक्यामागे कायद्याची व्याख्या आहे. ‘जैन’ या शब्दामागे तशी नाही. हिरवा ठिपका असलेल्या सॉसच्या बाटलीत लसूण असू शकतो, आणि त्यात काहीही बेकायदा नाही. विमान कंपन्यांनी जैन भोजनाला ‘व्हीजेएमएल’ असा स्वतंत्र संकेत दिलेला आहे. तिकीट काढताना तो नोंदवला की पुढची व्यवस्था होते. उपाहारगृहात मात्र ‘जैन’ म्हणजे काय, हे त्या स्वयंपाकघरातील माणसाच्या समजुतीवर ठरते. कोठे त्याचा अर्थ ‘कांदा-लसूण नाही’ असा असतो, कोठे ‘बटाटाही नाही’ असा, आणि कोठे केवळ ‘वरून कांदा नाही’ असा.

आपल्यातही सर्वांची मर्यादा एक नाही. दिगंबर, श्वेतांबर मूर्तिपूजक, स्थानकवासी, तेरापंथी अशा परंपरांत आणि त्याहून अधिक घराघरांत फरक असतो. कोणी खमिराचा पाव वर्ज्य मानतात, कोणी मानीत नाहीत. कोणी अष्टमी-चतुर्दशीला हिरव्या भाज्या घेत नाहीत. जुने लोणचे न खाणाऱ्या घरांनी बाटलीतील खारवलेले ऑलिव्ह आणि हालापेनो मिरची यांचाही विचार करावा, कारण तीही एक प्रकारे लोणचीच आहेत. मशरूम म्हणजे बुरशीचाच प्रकार, म्हणून तो आपल्याकडे सामान्यतः वर्ज्य. वांगे बहुबीज म्हणून अनेक घरांत चालत नाही, आणि इटालियन पाककृतींत ते वारंवार येते. कोणाची मर्यादा योग्य, या वादात मी शिरणार नाही; तो ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा व गुरुजनांच्या मार्गदर्शनाचा विषय आहे. मी एवढेच म्हणेन की, आपली मर्यादा आपल्याला नेमकी ठाऊक असेल, तरच ती दुसऱ्याला नेमकी सांगता येते.

चार प्रश्न

‘जैन मिळेल का?’ हा प्रश्न मी आता विचारीत नाही. त्याऐवजी ज्यांचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही, असे चार प्रश्न विचारतो.

पहिला: सॉस कशाचा करता आणि केव्हा करता? आमची फसगत येथेच झाली होती. जेथे सॉस दिवसातून एकदा एकाच पातेल्यात होतो, तेथे जैन पिझ्झासाठी वेगळा सॉस आहे का, हे पाहावे. चांगला कारागीर लगेच सांगतो, ‘टोमॅटो, मीठ, तेल, बस.’ अडखळत ‘विचारून सांगतो’ म्हणणाऱ्यालाही मी नापास करीत नाही, तो आत जाऊन खरोखर विचारून आला तर. ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्याला मात्र नमस्कार करून निघावे. याच प्रश्नात मसाल्याच्या पुड्याही आल्या. पिझ्झाबरोबर मिळणाऱ्या ‘ओरेगानो सीझनिंग’च्या काही पुड्यांत लसूण वा कांद्याची पूड मिसळलेली असते. पुडीच्या मागची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचावीत. नुसत्या सुक्या मिरचीच्या पुडीत सहसा तसा प्रश्न येत नाही.

दुसरा: चीज कोणते वापरता, पाकीट दाखवाल का? हा प्रश्न बहुतेक जैन ग्राहक विचारीतच नाहीत, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. चीज करताना दूध घट्ट करण्यासाठी ‘रेनेट’ नावाचे द्रव्य लागते. परंपरेने ते दूध पिणाऱ्या वासराच्या जठरातून काढले जाई. आज प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांपासून तयार होणारे रेनेट सर्रास वापरतात. अमूलचे चीज अशाच, प्राण्याच्या जठरातून न काढलेल्या रेनेटचे असते. परंतु इटलीहून येणाऱ्या अस्सल ‘पार्मिजानो रेज्जानो’ चीजच्या नियमांतच वासराचे रेनेट बंधनकारक आहे. ‘ग्राना पादानो’चीही परंपरा तीच, आणि ‘पेकोरिनो रोमानो’ला कोकराचे रेनेट लागते. उंची उपाहारगृहांत पिझ्झा ताटात आल्यावर वेटर मोठ्या अदबीने त्यावर कठीण चीज किसून घालतो, ते बहुधा याच कुळातील असते. म्हणजे कांदा-लसूण कटाक्षाने टाळून, मार्गेरिता मागवूनही अखेरच्या क्षणी घात होऊ शकतो. म्हणून पाकिटावरील ठिपका पाहावा, आणि ‘वरून काही किसू नका’ असे आधीच सांगावे. सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटविषयीही ज्यांच्या मनात शंका आहे, त्यांनी चीजऐवजी ताजे पनीर मागावे, कारण पनीर लिंबू किंवा तत्सम आम्लाने फाडलेल्या दुधाचे असते.

तिसरा: कणकेत काय घालता? बहुतेक ठिकाणी मैदा, पाणी, मीठ, तेल, खमीर आणि किंचित साखर एवढेच असते. काही ठिकाणी कडांना लसणाचे लोणी फासतात, कणकेतच मसाला मिसळतात किंवा कडेत चीज भरतात. खमीर न घेणाऱ्यांसाठी बाहेरचा पिझ्झा हा मार्ग जवळजवळ बंदच आहे. त्यांच्यासाठी घरचा उपाय पुढे दिला आहे.

चौथा: भट्टी, टेबल आणि कापणी एकच आहे का? लाकडाच्या भट्टीत पिझ्झा थेट तापलेल्या फरशीवर सरकवतात. ज्या भट्टीत मांसाहारी पिझ्झाही भाजले जातात, तेथे फरशी एकच असते, आणि कापण्याचे चाकही बहुधा एकच. काही ठिकाणी विनंती केली तर वेगळ्या ताटात पिझ्झा भाजून, धुतलेल्या सुरीने कापून देतात. ज्यांना तेवढेही चालत नाही, त्यांनी पूर्ण शाकाहारी ठिकाणच निवडावे. हा मनाचा प्रश्न आहे, त्यात संकोच मानू नये.

कुठे खावा?

आता ठिकाणांकडे वळू. मुंबईत पिझ्झाची शेकडो दुकाने आहेत. मी फक्त वेगवेगळ्या प्रकारांचे नमुने घेतो, म्हणजे आपल्या घराला कोणता मानवेल, याचा अंदाज यावा.

गिरगाव चौपाटी हा आपल्या समाजाच्या परिचयाचा परिसर. बाबुलनाथ, वाळकेश्वर, ऑपेरा हाउस सारे हाकेच्या अंतरावर. समुद्रासमोरच्या इमारतींच्या ओळीत ‘न्यूयॉर्कर’ हे शाकाहारी उपाहारगृह आहे. जवळच छोले-भटुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले, १९५८ पासूनचे ‘क्रीम सेंटर’ आहे. न्यूयॉर्करचा पिझ्झा नापोलीच्या कसोटीवर लावू नये. तो मुंबईकरांच्या जिभेला सवयीचा, भरपूर चीजचा आणि मसालेदार असा आहे. संपूर्ण स्वयंपाकघर शाकाहारी असल्याने माझा चौथा प्रश्न तेथे आपोआप सुटतो, आणि जैन मागणी तेथे नवलाची नाही. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर माझी पहिली पसंती या प्रकारच्या ठिकाणाला.

मरीन ड्राइव्हवर चर्चगेटच्या बाजूला ‘पिझ्झा बाय द बे’ आहे. ती जागा जुन्या मुंबईकरांना ‘टॉक ऑफ द टाउन’ आणि नंतर ‘जॅझ बाय द बे’ या नावांनी आठवत असेल. मरीन ड्राइव्हवरील आर्ट डेको शैलीच्या इमारतींच्या रांगेला २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. खिडकीतून समुद्राचे अर्धवर्तुळ आणि समोर पातळ पोळीचा पिझ्झा, हा अनुभव पाहुण्यांना द्यावा असाच. मात्र तेथे सामिष पदार्थ आणि मद्यही मिळते, हे ध्यानात ठेवून निर्णय घ्यावा.

नापोलीच्या पद्धतीचा, फुगलेल्या कडांचा, मध्ये मऊ असलेला पिझ्झा ज्यांना चाखायचा आहे, त्यांनी केम्प्स कॉर्नरच्या ‘गुस्तोसो’सारख्या लाकडी भट्टीच्या ठिकाणी जावे. पहिल्या वेळी त्याच्या कडांवरील काळे ठिपके पाहून ‘करपला’ असे वाटेल. तो दोष नव्हे, प्रखर भट्टीची ती खूण आहे. चुलीवरच्या भाकरीला पडतात तसे ते डाग असतात. मधला भाग ओलसर असल्याने तो काट्याने खावा लागतो. तरुण मंडळींना हा प्रकार फार आवडतो. अशा ठिकाणी दुसरा आणि चौथा प्रश्न विसरू नये.

अंधेरी आणि मालाड भागात ‘जोईज पिझ्झा’चे नाव महाविद्यालयीन मुलांच्या तोंडी असते. चीज आणि वरचे पदार्थ सढळ हाताने घालण्याबद्दल ते प्रसिद्ध आहे. भूक मोठी आणि सोबत मित्र असतील तर तेथील एक पिझ्झा चौघांना पुरतो. माझ्या वयाच्या वाचकांनी मात्र दोन तुकड्यांवर थांबावे, असा अनुभवाचा सल्ला.

साखळी दुकानांची गोष्ट वेगळी. ‘डॉमिनोज’ने भारतातील पहिले दुकान १९९६ मध्ये दिल्लीत उघडले आणि त्याच वर्षी ‘पिझ्झा हट’ बंगळुरूत आले. भारतीय ग्राहकाने या कंपन्यांनाही बदलायला लावले. अहमदाबादेत ‘पिझ्झा हट’ला संपूर्ण शाकाहारी उपाहारगृह काढावे लागले, आणि त्यामागे आपल्यासारख्या ग्राहकांचा आग्रह होता. साखळी दुकानात चव सगळीकडे सारखी असते, हा गुण. पण सॉस बाहेरून तयार होऊन येतो, त्यामुळे काउंटरवरील मुलाच्या हाती बदल करणे नसते, ही मर्यादा. तेथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाकिटावरच छापलेले असते, तेच पाहावे.

शेवटी रस्त्यावरचा पिझ्झा. घाटकोपर पूर्वेच्या खाऊ गल्लीत सायंकाळी गेलात तर तव्यावर लोण्यात परतलेली बेकरीची पोळी, तीवर सॉस, सिमला मिरची आणि वरून किसलेल्या चीजचा डोंगर, असा पिझ्झा मिळेल. आपल्या तरुणपणी मुंबईत पिझ्झा म्हणजे हाच होता. इटालियन माणसाला तो पाहून कदाचित रडू येईल. मला मात्र तो पाहिला की पहिल्या पगाराचे दिवस आठवतात. या गाड्यांचा एक मोठा गुण असा की, सारे काही डोळ्यांसमोर होते. ‘जैन की रेग्युलर?’ असे विक्रेता स्वतःहून विचारतो, आणि सॉसचे दोन डबे समोर दिसत असतात. नसतील, तर ‘कुठला डबा?’ एवढे विचारावे. स्वच्छता व पाणी यांबाबत मात्र डोळे उघडे ठेवावेत, विशेषतः पावसाळ्यात.

वेळेचे गणित

सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांसाठी ठिकाणाइतकीच वेळ महत्त्वाची. मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या आरंभी सव्वासातच्या पुढे. म्हणजे वर्षभरात सुमारे सव्वा तासाचा फरक पडतो. अनेक उंची उपाहारगृहे दुपारी साडेतीन-चारला बंद होऊन सातला पुन्हा उघडतात. हिवाळ्यात अशा ठिकाणी सायंकाळचे जेवण आपल्याला शक्यच नाही. तेथे दुपारीच जावे. दिवसभर चालू राहणारी ठिकाणे साडेचार-पाचला गाठावीत. ही गैरसोय आहे असे मला पूर्वी वाटे. आता वाटते की, ती सोय आहे. त्या वेळी गर्दी नसते, भट्टीजवळच्या माणसाला दोन शब्द बोलायला फुरसत असते, आणि तो आपला पिझ्झा लक्षपूर्वक करतो. माझ्या चारही प्रश्नांची सर्वांत सविस्तर उत्तरे मला पाच वाजताच मिळाली. रात्री नऊ वाजता तीच माणसे ‘होऊन जाईल’ म्हणाली असती. निघण्यापूर्वी फोन करून वेळ आणि सॉस, दोन्ही विचारून घ्यावे.

घरचा पर्याय

खमीर वर्ज्य असणाऱ्यांसाठी आणि तिथीचे नियम पाळणाऱ्यांसाठी घरासारखे ठिकाण नाही. आमच्या सौभाग्यवतींची रीत सांगतो. दोन वाट्या कणीक वा मैदा, अर्धी वाटी ताजे दही, चिमूटभर खाण्याचा सोडा, मीठ आणि चमचाभर तेल घालून, लागेल तसे पाणी घेऊन मऊ मळावे व अर्धा तास झाकून ठेवावे. पोळी किंचित जाड लाटून काट्याने टोचावी आणि तव्यावर एका बाजूने भाजून घ्यावी. उलटवून भाजलेल्या बाजूवर सॉस आणि चीज वा पनीर पसरावे, झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटे ठेवावे. सॉससाठी पिकलेले टोमॅटो उकळत्या पाण्यातून काढून सोलावेत, तेलात हिंग घालून आटवावेत, मीठ, लाल तिखट आणि चिमूटभर साखर घालावी. ओरेगानो संपला असेल तर थोडा ओवा चुरडून घालावा. दोघांच्या वासात साम्य आहे, कारण दोन्हींत एकाच कुळातील सुगंधी तेले असतात.

याहूनही सोपा प्रकार आपल्या घरांत मुलांनीच शोधून काढला आहे: खाकऱ्याचा पिझ्झा. खाकऱ्यावर सॉस, बारीक चिरलेली सिमला मिरची आणि किसलेले चीज घालून तव्यावर दोन मिनिटे. पातळ, कुरकुरीत पोळीचा पिझ्झा हवा असेल, तर तो आपल्या डब्यात पूर्वीपासूनच आहे.

शेवटचा घास

या तपासणीच्या अखेरीस, गेल्या फेब्रुवारीतील एका रविवारी मी आईला म्हणालो, ‘पुन्हा एकदा जाऊ या का?’ ती काही बोलली नाही, पण साडेतीनला तिचे नऊवारी नेसून झाले होते. साडेचारला आम्ही चौपाटीवरील एका शाकाहारी उपाहारगृहात बसलो. सूर्यास्ताला अजून दोन तास होते. मी माझे प्रश्न विचारण्यासाठी तोंड उघडले, तोच आईने वेटरला जवळ बोलावले. ‘बाळ,’ तिने विचारले, ‘सॉस कशाचा करता?’

तो मुलगा थांबला, आत गेला आणि स्वयंपाक्यालाच घेऊन आला. त्याने सांगितले, टोमॅटो, तेल, मीठ, मिरची. जैनाचे पातेले वेगळे. आईने चीजचे पाकीट मागून नातवाच्या हाती दिले, आणि त्याने बारीक अक्षरे तिला मोठ्याने वाचून दाखवली.

मार्गेरिता आला. आईने दोन तुकडे खाल्ले. ‘कड थालीपिठासारखी कुरकुरीत असती तर आणखी बरे झाले असते,’ हा तिचा अभिप्राय. मग तिने तिसरा तुकडा नातवाच्या ताटलीत सरकवला आणि म्हणाली, ‘घे. तुझा वाढदिवस राहिला होता.’